सातशे रुपये आणि ४१ हर्ट्‌झ

पँट आधी दोन घड्या वर घ्या. पाऊस नुकताच थांबलाय, ठाकूरद्वारच्या नाक्यावर घोट्याएवढं पाणी आहे आणि समोरून येणारी बेस्टची डबलडेकर तुमच्यासाठी वेग कमी करणार नाही. उडालं ना अंगावर? चालायचंच. साल १९८७, महिना जुलै आणि तुमचं वय सोळा. गुडघे दुखत नाहीत, पोट आत आहे, मिसरूड फुटतंय. खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या शंभराच्या सात नोटा आहेत. तीन आजीच्या, चार आईने बाबांच्या नकळत दिलेल्या. हात खिशातून काढू नका, गर्दी वाईट आहे.

पाठीवर कलकत्ता बनावटीची सेकंडहँड बेस गिटार आहे. ती तुम्ही इतके दिवस घरी टू-इन-वनच्या माइकच्या भोकात वायर खुपसून वाजवताय. वरच्या तारा कशाबशा ऐकू येतात. चौथी, सगळ्यांत जाड तार छेडली की सूर येतच नाही, तळहाताएवढ्या स्पीकरचा कागद तेवढा फरफरतो. त्या बिचाऱ्याचा जन्म बातम्या आणि ‘आपली आवड’ ऐकवण्यासाठी झालेला. ही तार मोकळी सोडली की सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. साध्या गिटारची जाड तार ८२ वेळा. सूर जितका खाली, तितकी जास्त हवा ढकलावी लागते. शिवाय गणपती दीड महिन्यावर आलेत आणि वाडीच्या ऑर्केस्ट्रात तुम्ही ‘हो, येतं मला’ असं सांगून बसला आहात.

म्हणून या सातशे रुपयांत बेससाठी अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, शोधायचा आहे. चला, धोबीतलावपर्यंत पायीच. ओली गोणपाटं, डिझेलचा धूर, उदबत्त्या, आणि मेट्रो सिनेमाच्या जवळ आलात की इराण्याच्या भट्टीतल्या ब्रुनचा खरपूस वास. नाक तिथेच राहू पाहतं, त्याला ओढून पुढे न्या. ही जेर महालची इमारत. वर गोवेकरांच्या कूडी, म्हणजे बोटीवर नोकरीला निघालेल्या आणि बोटीवरून परतलेल्या माणसांची उतरण्याची जागा. खाली फुर्टाडोंचं दुकान, १८६५ पासूनचं. काचेला नाक लावा. व्हायोलिनं, पियानो, स्वरलिपीच्या वह्या. तुमच्या श्वासाने काच धुरकट होते. पायांना चिखल आहे म्हणून तुम्ही आत जात नाही, असं स्वतःला सांगा.

फुटपाथवर एक अंकल हटकतात. बोटीवरून आलेला अमेरिकन अ‍ॅम्प विकायचा आहे. कापड बाजूला होतं आणि तुमचं काळीज गळ्याशी येतं. काळं रेक्झिन, चंदेरी जाळी, नव्या प्लॅस्टिकचा परदेशी वास. ‘देख मॅन, असली माल.’ आता मागे वळवून बघा. एक, तो ११० व्होल्टचा आहे. आपल्या घरात २३० येतात. पिन लावलीत की ट्रान्सफॉर्मरचा धूर चाळीच्या तिन्ही मजल्यांना कळेल. दोन, तो साध्या गिटारचा अ‍ॅम्प आहे. पाठ उघडी, आत आठ इंची स्पीकर. बेसची चौथी तार जोरात मारलीत की त्याचा कागद आठवड्यात फाटेल. आणि तीन, अंकलने सांगितलेली किंमत ऐकून खिशातल्या नोटा आपोआप आक्रसल्या आहेत. ‘थँक यू अंकल’ म्हणा आणि निघा.

ऑपेरा हाउसला वळसा घालून लॅमिंग्टन रोड. कान तयार ठेवा. इथे प्रत्येक दुकान स्पीकर विकतं आणि प्रत्येक दुकानदाराला वाटतं की आपलंच गाणं शेजारच्यापेक्षा मोठं लागलं पाहिजे. एका कानात बप्पी लाहिरी, दुसऱ्यात भजन, मधून हातगाडीवाल्याची शिवी. फळ्यांवर ताडपत्रीखाली रेझिस्टर, वायरींची भेंडोळी, चकचकीत जॅक. सगळीकडे सोल्डरच्या धुराचा तो गोड-तिखट राळेचा वास. घाम आणि पाऊस शर्टात कधीच एक झालेत.

पहिला शेठ टीबीए-८१० ची तयार पट्टी पुढे करतो. स्वस्त आहे, पण ताकद पाच-सात वॅट. दुसरा आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि वर भोंगा दाखवतो. पुकारा करायला उत्तम. भोंग्यातून बेस येत नाही, कितीही पिळलात तरी. तिसरा नुसतं ‘साठ वॅट, सत्तर वॅट’ ओरडतो. तुम्हाला ते साठ वॅट एकदम आवडतात. साहजिक आहे, सोळा वर्षांचे आहात.

पण जरा त्या जिन्याखाली वाका. डोकं सांभाळा. पिवळा दिवा, बनियन, नाकावर चष्मा आणि हातात धुमसणारी इस्त्री. सोल्डरिंगची, कपड्यांची नव्हे. मेस्त्री वर न बघता विचारतात, ‘कुठे वाजवणार? घरात की मंडपात?’

‘घरात. सराव करायचाय.’

‘मग साठ वॅट काय लोकांना मारायला? पंधरा बस झाले. पैसे स्पीकरमध्ये घाल.’

तुम्हाला पटलेलं नाही, हे त्यांना दिसतं. म्हणून ते एक दहा इंची स्पीकर काढतात. आधी पेन्सिल सेलची दोन टोकं त्याला टेकवतात. ठक्. कागद पुढे उडी मारतो. मग चारी बोटांनी कोन हळूच आत दाबून सोडतात, कान लावून. खरखर नाही, म्हणजे कॉइल घासत नाही. ‘हात लाव.’ तुम्हीही दाबता. कडेचं रबर मऊ आहे, कागद सरळ आत जातो, सरळ बाहेर येतो.

आता तुमची गिटार जोडली जाते आणि स्पीकर तसाच, उघडा, त्यांच्या तळहातावर. चौथी तार छेडा. काहीच नाही, नुसती टकटक. कागद तर चांगला पाव इंच हलतोय! मेस्त्री गालात हसतात. मागे टेकवलेली भलीमोठी प्लायची फळी ओढतात, तिला दहा इंची भोक आहे, आणि स्पीकर त्यावर दाबून धरतात. ‘आता मार.’

आणि तो येतो. कानात कमी, पोटात जास्त. बाकड्यावरचे स्क्रू डबीत नाचायला लागतात. वॅट तेवढेच, स्पीकर तोच, फक्त पुढची हवा आणि मागची हवा एकमेकांना भेटेनाशी झाली. कागद पुढे गेला की मागे पोकळी होते. मध्ये भिंत नसेल तर हवा कडेने वळून ती भरून टाकते आणि खालचा सूर तिथल्या तिथे मरतो. म्हणून पेटी हवी, पाऊण इंची प्लायची, मागून बंद, फटीत लांबी भरलेली. ती वाडीतला सुतार करून देईल.

अ‍ॅम्प जुळताना थांबून बघाच. दोन ३०५५ ट्रान्झिस्टर, लोखंडी टोप्या घातलेले. मेस्त्री चिमट्याने अभ्रकाचा पापुद्रा उचलतात, दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट फासतात आणि ट्रान्झिस्टर व अ‍ॅल्युमिनियमच्या पंख्यांमध्ये बसवतात. ट्रान्झिस्टरच्या अंगातूनच वीज वाहते. उष्णता बाहेर जावी, वीज जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. कपाळावरचा घाम मनगटाने पुसतात, एक थेंबही बोर्डावर पडू देत नाहीत.

बटण दाबलं. घूंऽऽ. तुम्ही पहिली तार वाजवता तर आवाज फुगतो, बसतो, फुगतो, बसतो. गिटार बिघडली का? नाही. आपली वीज ५० हर्ट्‌झची, ती सरळ करून घेतली की मागे उरते ती घरघर १०० ची. तुमची पहिली तार ९८ ची. दोघींची सेकंदाला दोनदा टक्कर होतेय. मेस्त्री पुटपुटत ४७०० मायक्रोफॅरडचा आणखी एक कपॅसिटर डकवतात आणि घूं विरते. निघताना विचारतात, ‘चाळीत राहतोस ना?’ आणि न सांगता हेडफोनचं एक भोक पाडून देतात. पिन घातली की स्पीकर बंद.

त्या भोकाची किंमत घरी कळते. लाकडी तक्तपोशी आहे तुमची. पहिलाच सूर खाली जातो आणि खालच्या काकूंच्या मांडणीतली ताटं उत्तर देतात. ‘अरे, भूकंप झाला की काय?’ आवाजाचं बटण अर्ध्यावर असतानाही. आणि रविवारी सकाळी साडेनऊला तर तारेला बोटसुद्धा लावू नका. समोरच्या खोलीत ‘रामायण’ लागलंय, अख्खा मजला टीव्हीपुढे मांडी घालून बसलाय. आज्यांच्या भक्तीत तुमचा बेस मिसळला तर गणपतीपर्यंत तुम्हाला कोणी चहा देणार नाही.

या आता परत. टॉवेल घ्या, डोकं पुसा. तुमच्या मुलीला किंवा भाच्याला बेसचा सराव-अ‍ॅम्प हवा आहे आणि स्क्रीनवर वॅटचे आकडे नाचतायत. अडीच-तीन खोल्यांच्या फ्लॅटला १५ ते २५ वॅट पुरतात, स्पीकर आठ इंचाच्या खाली नको, दहाचा मिळाला तर उत्तम, आणि खोक्यावर गिटार नव्हे, बेस लिहिलेलं हवं. दुकानात जाताना पोराला आणि त्याच्या गिटारलाही सोबत न्या. चौथी तार मोकळी वाजवायला सांगा, आवाज निम्म्याच्या वर ठेवून. कागद फरफरला तर कितीही सूट असो, उठा. आणि पैसे देण्याआधी हेडफोनचं भोक कुठे आहे ते विचारा. तुमच्या खालीही कोणीतरी राहतं.