काउंटेसची मंडळी

सुवार्तिक ख्रिस्ती चळवळीचा माग काढत आपण मागे गेलो, तर 1529 सालच्या एका इंग्लिश कायद्यापाशी पोचतो. उमरावांनी आपल्या घरी किती धर्मोपदेशक ठेवावेत, हे त्यात दर्जानुसार ठरवले होते. विधवा काउंटेसला दोन. हा मान घरच्या उपासनेपुरता होता. दोन शतकांनी सेलिना हेस्टिंग्ज या स्त्रीने तोच गावोगाव नेला. 1707 साली अर्ल फेरर्सच्या घराण्यात जन्मलेली सेलिना 1728 मध्ये हंटिंग्डनची काउंटेस झाली. 1739 च्या सुमारास नणंद मार्गारेटमुळे तिला नव्या धर्मजागृतीची ओढ लागली, आणि 1746 मध्ये पती वारल्यावर तिने आयुष्य व संपत्ती त्याच कामाला वाहिली.

या जागृतीचा उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड याला अनेक चर्चची दारे बंद झाली होती. तो उघड्या माळावर हजारोंना उपदेश करी. 1748 मध्ये काउंटेसने त्याला आपला धर्मोपदेशक नेमले, आणि लंडनचे उमराव तिच्या दिवाणखान्यात त्याला ऐकू लागले. 1761 मध्ये दागिने विकून तिने ब्रायटनला आपल्या घराला लागून प्रार्थनामंदिर बांधले; घराला लागून असल्याने ते कायद्याच्या आधारे खासगी मानता येई. पुढे बाथ आणि इतर गावे. 1768 मध्ये वेल्समधील ट्रेव्हेका येथे उपदेशकांसाठी विद्यालय निघाले. 1770 मध्ये व्हाइटफील्ड गेला आणि अमेरिकेतील जॉर्जियामधला त्याचा अनाथाश्रम, तिथल्या गुलामांसह, तिच्याकडे आला. तिने त्यांना मुक्त केले नाही. गुलामगिरीत वाढलेल्या फिलिस व्हीटलीचा कवितासंग्रह 1773 मध्ये निघाला, तो मात्र याच काउंटेसला अर्पण केलेला होता. इतिहासाने दोन्ही गोष्टी नोंदवायला हव्यात.

कायद्याचा आधार तुटला तो 1779 मध्ये. लंडनच्या स्पा फील्ड्स येथील भव्य मंदिर ‘खासगी’ मानायला न्यायालयाने नकार दिला. शेवटी तिला आपली मंदिरे अधिकृत चर्चबाहेरची म्हणून नोंदवावी लागली, आणि 1783 मध्ये तिच्या मंडळीने स्वतःचे पाळक दीक्षित केले. 1791 मध्ये ती वारली. पुढच्याच वर्षी नोव्हा स्कोशियाहून सिएरा लिओनला गेलेल्या कृष्णवर्णीयांनी तिची मंडळी आफ्रिकेत नेली. तिचा विश्वासू सहकारी थॉमस हॉइस 1795 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीच्या संस्थापकांत होता. त्याच सोसायटीचे मिशन 1820 मध्ये आपल्या बेळगावात आले. इंग्लंडमध्ये तिच्या नावाची मंडळी आज लहान आहे. पण पाळकांची निवड, शिक्षण आणि नेमणूक एक स्त्री चालवू शकते, हे तिने त्या काळात करून दाखवले. सुवार्तिक परंपरेच्या संस्थापकांत व्हाइटफील्डच्या शेजारी तिचे नाव लिहिले पाहिजे.