हलगी गेटवर ठेवा

दुपारचे अडीच वाजलेत. कोल्हापुरात निवृत्ती चौकात, अर्ध्या शिवाजी पुतळ्याच्या जरा अलीकडे तुम्ही उभे आहात. चार वाजता शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध पाटाकडील तालीम असा सामना आहे. पत्रिकेवर दोन संघांची नावं असली तरी खेळणार आहेत त्या शिवाजी आणि मंगळवार या दोन पेठा, हे चौकातल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. गल्लीगल्लीतून पोरं बाहेर पडताहेत. कुणाच्या खांद्यावर झेंडा, कुणाच्या तोंडात प्लास्टिकची शिट्टी, एकाच्या हातात बॅटरीवर चालणारा सायरन. तो वाजला की समोरच्या दुकानातलं कुत्रं पायरीखाली शिरतं.

‘‘ओ पावणं, एवढी हलगी धरा जरा. गाडी लावून येतो.’’

तुम्ही हो-नाही म्हणायच्या आत हलगी तुमच्या हातात येते. कातडं उन्हात तापून टणक झालंय. एका हातात टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. दोन दिवसांपासून पेठेत एकच विषय चाललाय : स्टेडियममध्ये वाद्यं न्यायला बंदी घातली तर? निम्मे म्हणतात, बरंच होईल, कान तरी सुटतील. निम्मे म्हणतात, मग मॅच बघायला जायचं कशाला, घरात टीव्ही आहे की. तुमचं मत अजून झालेलं नाही. टिपरू एकदा कातड्यावर टेकवून बघा.

१९१२. चौक गेला, गाड्या गेल्या. तुम्ही खासबाग मैदानाच्या वरच्या पायरीवर दाटीवाटीनं बसला आहात. खाली मधोमध कुस्तीचा हौद, आणि त्याच्याभोवती चहूबाजूंनी चढत गेलेली माणसं. दहा वर्षांपूर्वी, १९०२ मध्ये, शाहू महाराज एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोममधलं जुनं गोल क्रीडागृह पाहिलं आणि कुठंही बसलं तरी कुस्ती दिसेल असं मैदान करवीरात असावं, हे त्यांच्या मनानं घेतलं. शेजारचं पॅलेस थिएटर उभं राहायला अजून तीन वर्षं आहेत. प्रेक्षकांनी गप्प बसून ऐकायची जागा ती. इथं गप्प बसलेला माणूस आजारी समजला जातो.

लाऊडस्पीकर नाही. पुकारणारा घसा ताणून जोड सांगतो आणि त्याचं अर्धं बोलणं पाचव्या ओळीतच विरून जातं. पण हौदाच्या कडेला हलगी, घुमकं आणि कैताळ घेऊन तिघं बसलेत, त्यांचं शेवटच्या ओळीपर्यंत पोचतं. हलगीवाल्याकडे नीट बघा. तो स्वतःच्या हलगीकडे एकदाही बघत नाही. त्याची नजर पैलवानांच्या पायांवर आहे.

शड्डू ठोकले जातात. खडाखडी सुरू होते, तेव्हा हलगीची चाल संथ असते, दोन ठोक्यांमध्ये श्वास घेता येईल इतकी. एकानं पट काढायला झेप घेतली की काडी थरथरायला लागते. पकड सुटली की चाल पुन्हा खाली. तुमच्या पुढं उंच फेट्याचा माणूस बसलाय, त्यामुळे तुम्हाला निम्मी कुस्ती दिसत नाही. तरी कुणाचा जोर चढतोय ते कळतं, कारण ते कानावर येत असतं. आणि उलटंही होतं : दमून गेलेल्या गड्याच्या अंगावर हलगी अशी काही चढते की त्याला मागं सरायला लाज वाटावी. वाजवणारा कुस्तीमागून चालतो आणि मधूनच कुस्तीच्या पुढं होतो.

एक गोष्ट मात्र वरच्या पायरीवरून दिसत नाही. इतक्या हजारांच्या काळजाचा ठेका ज्याच्या हातात आहे, त्याला गावात कुठं बसू देतात, कुणाच्या विहिरीचं पाणी देतात? हलगी वाजवणं हे त्या काळी जातीनं लादलेलं काम होतं. कोल्हापूरची ‘परंपरा’ म्हणून हलगीची बाजू घेताना हे वगळून चालणार नाही.

पुन्हा एक ठोका. वर्षं भराभर सरकतात. वरुणतीर्थ तळ्याचं पाणी जातं आणि त्याच्या जागी गांधी मैदान होतं. पहिल्या मोठ्या पावसात ते पुन्हा तळं होतं, ते आजतागायत. तालमींच्या लाल मातीतून उठलेली पोरं चेंडूमागं धावू लागतात. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन होते. फुटबॉल संघांच्या नावात ‘तालीम मंडळ’ तसंच राहतं, आणि तालमीबरोबर हलगीही फुटबॉलला येते. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण पैलवानाच्या मागं जायची सवय तिला होतीच.

आता जरा लांब जाऊ. ११ जून २०१०, जोहान्सबर्गचं सॉकर सिटी. हातात हलगी नाही. सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीचा प्लास्टिकचा भोंगा आहे, व्हुवुझेला. विश्वचषकाचा पहिला सामना, दक्षिण आफ्रिका विरुद्ध मेक्सिको. भोवती हजारो भोंगे एकच सूर धरून बसलेत. राष्ट्रगीत झालं, मॅच सुरू झाली, चेंडू बाहेर गेला, खेळाडू पडला, सूर तोच. ५५व्या मिनिटाला दक्षिण आफ्रिकेच्या त्शाबालालाचा डावखुरा फटका जाळ्यात घुसतो तेव्हा तो सूर फुगतो, आणि थोड्या वेळात पूर्वीच्या पातळीवर येऊन बसतो. मेक्सिकोच्या मार्केझनं ७९व्या मिनिटाला बरोबरी केली, तरी तुमच्या शेजारचा फुंकतोच आहे. त्याला विचारलंत तर तो सांगेल की हा आमचा आवाज आहे, युरोपच्या कानांना सोसत नसेल तर युरोपनं बघावं. फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनीही साधारण तीच बाजू घेऊन बंदी नाकारली होती. शिवाजी पेठेतला कुठलाही कार्यकर्ता याहून वेगळं बोलला नसता, हे प्रामाणिकपणे मान्य करा.

पण १ सप्टेंबर २०१० ला युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, युएफानं, आपल्या स्पर्धांमध्ये व्हुवुझेलाला बंदी घातली. त्यांचं म्हणणं कानांपुरतं नव्हतं. मैदान आणि प्रेक्षक यांच्यात भावनांची देवाणघेवाण चालते, गाणी आणि आरोळ्यांतून प्रेक्षक खेळाला उत्तर देतात, आणि हा भोंगा ते सगळं बुडवतो, असं ते म्हणाले. खासबागेतून थेट इथं आलेल्या तुम्हाला हे लगेच पटतं. भोंगा मॅच बघत नाही.

तीन वर्षांनी ब्राझीलमध्ये एक शहाणा तोडगा निघाला, निदान कागदावर. संगीतकार कार्लिन्होस ब्राऊन यांनी २०१४ च्या विश्वचषकासाठी काशिरोला नावाचं हातात मावणारं खुळखुळ्यासारखं वाद्य बनवलं. आवाज सौम्य, कानाला त्रास नाही. २८ एप्रिल २०१३ ला साल्व्हादोरच्या सामन्यात बाहिया हा संघ हरायला लागला. आता डोकं खाली करा, कारण चिडलेल्या प्रेक्षकांनी फुकट वाटलेले ते खुळखुळे मैदानात भिरकवायला सुरुवात केली आहे. सरकारनं त्या सौम्य वाद्यावर बंदी घातली. म्हणजे वाद्य किती मोठ्यानं वाजतं एवढंच मोजून भागत नाही, ते किती लांब जातं हेही बघावं लागतं.

बास. शाहू स्टेडियमवर या. पावणेचार झालेत आणि बसायला जागा उरलेली नाही.

हलगीवरचं तुमचं प्रेम आतापर्यंत बरंच वाढलं असेल, म्हणून एक आकडा. २०१० मध्येच ‘हिअर द वर्ल्ड’ या श्रवणविषयक संस्थेनं स्टेडियममधले आवाज अगदी जवळून मोजले. व्हुवुझेला १२७ डेसिबल. ढोल १२२. रेफरीची शिट्टी १२१.८. ढोल आणि भोंगा यांत फार अंतर नाही. हलगी त्या यादीत नव्हती, पण कानाजवळ टिपरू पडलेला कुणीही तिला गरीब म्हणणार नाही. १०० डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांहून जास्त राहू नये, असा कानांच्या तज्ज्ञांचा एक ठोकताळा आहे आणि फुटबॉल सामना चालतो नव्वद मिनिटं. तुमच्या पुढच्या ओळीत बापाच्या खांद्यावर चारेक वर्षांचा पोरगा बसलाय, दोन्ही कानांवर हात ठेवून. हलगी मॅच बघते, हे त्याच्या कानाच्या पडद्याला सांगून उपयोग नाही.

मॅच सुरू होते. पंधराव्या मिनिटाला कडेच्या स्टँडमधून शिट्टी वाजते. बचावपटू थांबतो, नायजेरियातून आणलेला फॉरवर्ड थांबत नाही, आणि रेफरी दोन्ही हात हलवत ओरडतो की मी वाजवली नाही. फुटबॉलच्या नियमांत या प्रसंगाची तरतूद आहे. प्रेक्षकाच्या शिट्टीनं खेळात अडथळा आला असं रेफरीला वाटलं, तर तो खेळ थांबवतो आणि ड्रॉप बॉलनं पुन्हा सुरू करतो. म्हणजे चढाई फुकट. त्या शिट्टीची बाजू घ्यायला पेठेत कुणीही उभं राहू नये. ती आवाज करत नाही, खोटं बोलते.

सायरनचं त्या व्हुवुझेलासारखंच. बटण दाबलं की तो गोलला, फाऊलला, जखमी खेळाडूला सारखाच बोंबलतो. डॉल्बीचा हिशेब पेठेनं मागंच करून बघितला आहे. विसर्जन मिरवणुकीत घरांच्या काचा थरथरू लागल्या, म्हातारी माणसं दारं लावून बसू लागली. मग पोलिसांच्या डॉल्बीमुक्तीच्या मोहिमा झाल्या, गुन्हे नोंदले गेले, आणि कित्येक मंडळांनी ढोल-ताशा, लेझीम, हलगी पुन्हा बाहेर काढली. कायद्याच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ तर उघड्यावर वाद्यंही वाजवायची नाहीत. ५५ मध्ये कोल्हापूरची मॅच बसवायची म्हणजे प्रेक्षकांना घरी पाठवावं लागेल.

उत्तरार्धात हलगीवाला पाणी प्यायला थांबतो. तेव्हा ऐका. आतापर्यंत ठेक्याखाली दबलेलं सगळं वर येतं : समोरच्या स्टँडला उद्देशून आयाबहिणींचा उद्धार, रेफरीच्या खानदानाची चौकशी, आणि एक पाण्याची बाटली कुंपणावरून आत. या स्टेडियमवर दगड आणि बाटल्यांमुळे खेळ थांबल्याचे दिवस कोल्हापूरनं पाहिले आहेत. ती बाटली हलगीनं फेकलेली नाही. उलट ठेका चालू असतो तोवर निम्मी तोंडं त्यात गुंतलेली असतात, असं मला वाटतं. सरसकट बंदी घालणाऱ्यांनी आधी ही पाच मिनिटं ऐकावीत.

आता शेवटचा ठोका, पुढच्या दिशेनं. तारीख अजून ठरलेली नाही. स्टेडियमच्या गेटवर पाटी आहे : ‘वाद्ये, हॉर्न, शिट्ट्या आत नेण्यास मनाई’. टेबलामागं साहेब, शेजारी पोतं. पोत्यात सायरन आणि शिट्ट्यांचा ढीग. रांगेत तुम्ही, हातात अजून ती परक्याची हलगी. तुमच्या पुढं तालमीचे एक वस्ताद, पांढऱ्या मिशांचे.

‘‘साहेब, शिट्टी घ्या, भोंगा घ्या, आमचं काही म्हणणं न्हाई. पण हलगी आत सोडा. कुंपणाजवळ बसवा, पोरांपास्नं लांब. नाव लिहून घ्या वाजवणाऱ्याचं. खेळाडू पडला की हलगी बंद. ऐकलं न्हाई तर पुढच्या मॅचला पास न्हाई.’’

‘‘आणि त्यांच्या दोन आल्या तर?’’

‘‘मग आमच्या पण दोन.’’

‘‘तिथंच तर घोटाळा आहे, वस्ताद. मागच्या खेपेला दोनाच्या चौदा झाल्या.’’

वस्ताद काही बोलत नाहीत. चौदा कुणाच्या होत्या, ते दोघांनाही माहीत असावं. साहेब रजिस्टर उघडतात, रेघ मारतात, आणि लिहितात : शिवाजी पेठ, हलगी १. मग तुमच्याकडे बघतात.

‘‘वाजवणार कोण, तुम्ही?’’

‘‘माझी नाही हो, एकानं धरायला दिली होती.’’

‘‘मग ज्याची आहे त्याला बोलवा. पैसे ठरवून आणलाय ना त्याला? का नुसत्या चहावर?’’ हे ते वस्तादांना विचारतात, आणि वस्ताद खिशात हात घालतात.

तेवढ्यात मागून मंगळवार पेठेचा जथा येतो. तीन हलग्या, एक घुमकं, एक तुतारी.

‘‘एकच,’’ साहेब मान वर न करता सांगतात. ‘‘कुठली न्यायची ते तुमच्यात ठरवा. बाकीच्या गेटवर ठेवा.’’