शुक्रवार, दुपारी तीनपर्यंत

यहूदी दिवस सूर्य मावळला की सुरू होतो. त्या हिशेबाने येशूचं शेवटचं जेवण, अटक, चौकशी, क्रूस आणि कबर हे सगळं एकाच दिवसात आटोपलं, तेही घाईघाईने, कारण पुढच्या सूर्यास्ताला शब्बाथ लागणार होता. साल इसवी सन ३० किंवा ३३, अभ्यासकांत मतभेद आहेत. शुभवर्तमानांत मोजकेच तास दिलेले आहेत. खालच्या बाकी वेळा घटनांच्या क्रमावरून लावलेल्या.

गुरुवार, दिवेलागण
यरुशलेमेत वल्हांडणाच्या यात्रेकरूंची दाटी. मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेचा हा सण, त्यामुळे दंग्याची धास्ती असायचीच. रोमन अधिकारी पंतय पिलात एरवी समुद्रकाठच्या कैसरियात राहायचा, सणासाठी तो शहरात मुक्कामाला आला होता. त्याच आठवड्यात येशूने मंदिराच्या आवारातल्या सराफांचे चौरंग उलथवले होते, तेव्हापासून मुख्य याजक संधी शोधत होते. माडीवरच्या खोलीत येशू बारा शिष्यांसह जेवायला बसला. त्याने भाकर मोडली, प्याला फिरवला, आणि हे आपलं शरीर, हे आपलं रक्त असं सांगितलं. त्यांतला यहूदा इस्कर्योत मधेच उठून अंधारात गेला. येशूला पकडून देण्याचा, चांदीच्या तीस नाण्यांचा सौदा मुख्य याजकांशी आधीच ठरला होता. येशूला ते कळलं होतं, तरी त्याने यहूदाला अडवलं नाही.

रात्री अकराच्या सुमारास
किद्रोनचा ओढा ओलांडून सगळे जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी, गेथशेमाने बागेत आले. ही जागा नीट डोळ्यांपुढे आणायला हवी. समोर शहराचा तट, मधे ओढा, वर पौर्णिमेचं चांदणं. तिकडून कोणी मशाली घेऊन खाली उतरू लागलं, तर ते बागेतून दिसणार. पाठीमागची चढण चढून गेलं की पलीकडे बेथानी आणि तिच्यापुढे यहूदियाचं ओसाड रान. अबशालोमाने बंड केलं तेव्हा दावीद राजा हाच ओढा ओलांडून, हाच डोंगर रडत चढून निसटला होता. वाट तशीच होती. सुटायचं असतं तर येशूही सुटला असता.

तो तिथेच गुडघे टेकून राहिला. हा प्याला टळावा अशी विनवणी त्याने केली, आणि शेवटी बापाच्या इच्छेवर सोडलं. मरण त्याला सोपं नव्हतं, हे शुभवर्तमानं लपवत नाहीत. जागे राहा म्हणून सांगितलेले तिघे शिष्य मात्र पुन्हा पुन्हा पेंगत होते.

मध्यरात्र
मशाली, तलवारी, सोटे. यहूदाने मुका घेऊन माणूस दाखवला. पेत्र या शिष्याने तलवार उपसून महायाजकाच्या मल्ख नावाच्या चाकराचा कान कापला, येशूने पेत्रालाच दटावलं. शिष्यांची पांगापांग झाली. अंगावर नुसतं तागाचं वस्त्र पांघरलेला एक तरुण ते वस्त्र शिपायांच्या हातात सोडून उघडाच पळाला. शुभवर्तमानकारांपैकी हे एकटा मार्क सांगतो, आणि तो तरुण कोण ते सांगत नाही.

रात्री एक ते कोंबडा आरवेपर्यंत
आधी हन्नाकडे, मग त्याचा जावई महायाजक कयफा याच्याकडे. बाहेर अंगणात थंडीमुळे कोळशाची शेगडी पेटलेली. पेत्र तिथे शेकत उभा होता. त्याच्या गालीली बोलीवरून लोकांनी त्याला ओळखलं. तीनदा तो म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. तेवढ्यात कोंबडा आरवला.

शुक्रवार, सकाळी सहा-सात
रात्री महायाजकाच्या घरी यहूदी न्यायसभेपुढे आरोप होता देवनिंदेचा. पिलातापुढे तो बदलला: हा कर देऊ नका म्हणतो, स्वतःला राजा म्हणवतो. देवनिंदेशी रोमला देणंघेणं नव्हतं, राजेपणाशी होतं. पिलाताला यात दम दिसला नाही. त्याने एकामागून एक पळवाटा शोधल्या. कैदी गालीलचा म्हणून तिथला सत्ताधारी हेरोद याच्याकडे धाडला, तो परत आला. सणानिमित्त एक कैदी सोडतो म्हणाला, तर लोकांनी बरब्बा नावाचा दुसराच कैदी मागितला. बायकोने स्वप्न पडल्याचा निरोप धाडला. शेवटी, याला सोडलंस तर तू कैसराचा मित्र नाहीस, असा दम मिळाला आणि पिलात ढेपाळला. चारचौघांसारखा नोकरी सांभाळणारा माणूस. हात धुऊन त्याने फटक्यांचा आणि क्रूसाचा हुकूम दिला. या पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियात सापडला.

त्या सकाळच्या जमावाचा डाग पुढे शतकानुशतकं सबंध ज्यू समाजाला लावला गेला. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, तो आरोप अधिकृतपणे नाकारला. फारच उशिरा.

नऊ
मार्कच्या हिशेबाने या वेळी खिळे ठोकले; योहानाच्या हिशेबाने दुपार होत आली तरी पिलाताचा निवाडा चालूच होता. वाटेत शिपायांनी कुरेनेकर शिमोन नावाच्या वाटसरूला धरून क्रूस वाहायला लावला. गुलगुथा या क्रूसाच्या जागी येशूच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या.

बारा ते तीन
अंधार. तीनच्या सुमारास येशूने मोठ्याने आरोळी मारून प्राण सोडला. योहानाच्या कालगणनेत हा वल्हांडणाची कोकरं मंदिरात कापण्याचा दिवस आहे. ख्रिस्ती शिकवण इथेच उभी आहे: आदामापासून साचलेल्या पापाची भरपाई या कोकऱ्याने केली, आणि ते देवाने आधीच योजलं होतं. १६१६ साली मराठी ओव्यांत छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण म्हणूनच येशूच्या जन्मापासून सुरू होत नाही. त्याचा पहिला भाग सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचा आहे.

मग यहूदा, कयफा, पिलात ही नुसती प्यादी का? मला तसं वाटत नाही. वल्हांडणानंतर पन्नासाव्या दिवशी पेत्राने यरुशलेमेत केलेल्या भाषणात देवाचा संकल्प आणि माणसांचा दोष एकाच दमात येतात, एकामुळे दुसरा माफ होत नाही. आणि हे बोलणारा पेत्र स्वतः शेगडीपाशी उभा राहिलेला होता.

सूर्यास्ताआधी
अरिमथाईकर योसेफ नावाच्या माणसाने धीर करून पिलाताकडे देह मागितला. इतक्या लवकर मेला? पिलाताला नवल वाटलं. त्याने शताधिपतीला बोलावून खात्री करून घेतली. निकदेम नावाच्या दुसऱ्याने सुगंधी द्रव्यं आणली. खडकात खोदलेल्या कबरेत देह ठेवून तोंडाशी धोंड लोटली. गालीलहून आलेल्या बायांनी जागा पाहून ठेवली, शब्बाथ सरल्यावर पुन्हा यायचं होतं. शनिवारी मुख्य याजक पिलाताकडे गेले आणि कबरेवर पहारा मागून घेतला.