उतरंड आणि मांडणी

गोंडपिपरी परिसरातील जुन्या कुडाच्या घरांत मडक्यांची उतरंड असे. तळाशी मोठा माठ, त्यावर क्रमाने लहान मडकी. वरच्याचे गोल बूड खालच्याचे तोंड झाकी. वेगळी फळी लागतच नसे! आत धान्य, डाळ, मीठ. किती उरले, हे घरधनिणीलाच ठाऊक. मात्र तळातले काढायचे तर सारी उतरंड उतरवावी लागे.

1913 मध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली यांनी स्टेनलेस स्टील घडवले. पुढे कित्येक दशकांनी त्याची ताटे-वाट्या येथे रुळल्या. सपाट ताटे निथळायला उभी ठेवावी लागतात, म्हणून खाचांची मांडणी आली. ती निवडताना आवडीआधी भिंत पाहावी लागे: विटांच्या भिंतीत खिळा भार पेलतो, कुडाच्या भिंतीत निसटतो. तेथे पायांची, जमिनीवर उभी राहणारी मांडणीच सोयीची.