गाण्याच्या प्रमोशनसाठी एजन्सी नेमताय? पैसे एजन्सी घेते, कारवाई मात्र तुमच्या खात्यावर होते

स्पॉटिफायवर नवीन गाणं आलं की चार-आठ दिवसांत कलाकाराच्या इन्स्टाग्रामवर मेसेज येतोच. "सर, तुमचं गाणं ऐकलं, कमाल आहे. आमच्याकडे ३० दिवसांत ५० हजार स्ट्रीमचं पॅकेज आहे, गॅरंटी." मी पुण्यात घरच्याच छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगची कामं करतो. गाणं तयार झालं की ते अपलोड करून देण्याचं कामही बरेचदा माझ्याकडेच येतं. त्यामुळे असे मेसेज आणि त्यानंतरची रडगाणी, दोन्ही मी भरपूर पाहिली आहेत. या लेखात ही पॅकेजं आतून कशी चालतात, फसवणूक नेमकी कुठे होते, आणि पैसे अडकले तर काय करायचं, ते सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट. सगळ्या एजन्सी चोर नसतात. चांगला प्रसिद्धीवाला ओळखणं तसं सोपं आहे: तो आधी गाणं मागतो, ऐकतो, आणि कधीकधी "हे माझ्याकडून होणार नाही" असंही म्हणतो. गाणं न ऐकता रेटकार्ड पाठवणारे वेगळे.

गाणं आणि ॲप यांच्या मधला माणूस

बऱ्याच कलाकारांना वाटतं, गाणं आपण स्पॉटिफायला दिलंय. तसं नसतं. स्वतंत्र कलाकार थेट स्पॉटिफायवर गाणं चढवू शकत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. वर्षाला काही पैसे घेऊन किंवा रॉयल्टीतला हिस्सा घेऊन तो तुमचं गाणं सगळ्या ॲपवर पोचवतो. खातं उघडताना आपण न वाचता जी लांबलचक संमती देतो, तिच्यात एक कलम असतं: या गाण्यावर कृत्रिम स्ट्रीम आढळले तर जबाबदारी खातेदाराची. ते कुणी करवले, का करवले, कुणाला किती पैसे दिले, हे त्या कलमाच्या दृष्टीने गौण आहे. एजन्सीचं नाव या व्यवहारात कुठेच नसतं. तुमचं असतं.

आता कृत्रिम स्ट्रीम म्हणजे काय ते बघू. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो. मग शेकडो-हजारो खोटी खाती उघडायची आणि एका प्रोग्रॅमकडून तीच गाणी दिवसरात्र वाजवायची. ऐकणारं कुणीच नाही, मोजणी मात्र चालू. यालाच बॉट म्हणतात. याचा फटका इतरांनाही बसतो, कारण रॉयल्टी एका सामाईक रकमेतून स्ट्रीमच्या प्रमाणात वाटली जाते. खोटे स्ट्रीम वाढले की खऱ्यांचा वाटा घटतो. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी वकिलांनी मायकेल स्मिथ नावाच्या माणसावर याच पद्धतीने १ कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी उकळल्याचा आरोप ठेवला. त्यात गाणीही एआयने बनवलेली आणि श्रोतेही बॉट, असा मामला होता.

म्हणून कंपन्यांनी नियम आवळले. स्पॉटिफायने २०२४ पासून दोन बदल केले. मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. आणि एखाद्या गाण्यावर उघडउघड कृत्रिम स्ट्रीम सापडले तर त्या गाण्यामागे डिस्ट्रिब्युटरला दंड लागतो. काही डिस्ट्रिब्युटर तो दंड कलाकाराच्या खात्यातून वळता करतात, काही गाणंच काढून टाकतात. पहिल्या नियमाने हजाराचा आकडा गाठायची घाई लावली, दुसऱ्याने त्या घाईची किंमत वाढवली. एजन्सीवाले पहिला नियम आवर्जून सांगतात. दुसरा त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

आकडे कसे वाचायचे?

माझ्या ओळखीच्या एका गायिकेने दोन वर्षं खपून चार गाणी केली. एका एजन्सीला २५ हजार दिले. महिन्याभरात एका गाण्याचे ४० हजारांवर स्ट्रीम दिसायला लागले, घरात पेढे वाटले गेले. मी तिचं कलाकारांसाठीचं स्पॉटिफाय पॅनल उघडलं, तर श्रोत्यांच्या शहरांत वरती फिनलंड आणि जर्मनी. गाणं मराठी, तेही थेट वऱ्हाडी ढंगाचं! पुणे आठव्या नंबरवर. ४० हजार स्ट्रीममागे नवे फॉलोअर होते अकरा. पुढच्या महिन्यात डिस्ट्रिब्युटरचा ईमेल आला आणि गाणं उतरलं. सोबत तिच्या खऱ्या श्रोत्यांनी केलेले दोन-अडीच हजार स्ट्रीमही गेले. एजन्सीचं उत्तर होतं, "मॅम, आम्ही डिलिव्हरी दिली होती."

तर पॅनलमध्ये पहिली नजर शहरांवर टाका. मराठी गाण्याला दुबई, लंडन किंवा न्यू जर्सी दिसलं तर घाबरू नका, तिथे आपली माणसं आहेत. पण आपली वस्तीच नसलेली शहरं एका रात्रीत वर आली तर गडबड आहे. मग स्ट्रीम आणि श्रोते यांचं प्रमाण बघा. थोडेच श्रोते आणि प्रत्येकाने शंभरदा ऐकलेलं, हे आई-वडिलांपलीकडे सहसा होत नाही. गाणं किती जणांनी सेव्ह केलं, किती नवे फॉलोअर आले, तेही तपासा. शेवटी स्ट्रीम कुठल्या प्लेलिस्टमधून आले ते उघडून पाहा. एकाच प्लेलिस्टमध्ये पंजाबी रॅप, झोपेसाठी पावसाचा आवाज आणि तुमची गवळण शेजारीशेजारी असेल तर समजून घ्या. असं काही दिसलं तर डिस्ट्रिब्युटर विचारायची वाट न बघता आपणच त्याला लेखी कळवावं. कळवल्याने गाणं वाचेलच असं नाही, पण आपली बाजू आधी नोंदली जाते.

जाहिरातीचे व्ह्यूज आणि विकतचे व्ह्यूज

यूट्यूबवर प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे, कारण तिथे पैसे देऊन व्ह्यूज वाढवण्याचा एक सरळ मार्गही आहे. गूगलला पैसे देऊन आपला व्हिडिओ जाहिरात म्हणून दाखवता येतो, आणि बघणारी माणसं खरी असतात. जुलै २०१९ मध्ये रॅपर बादशाहच्या 'पागल' या गाण्याने २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळवल्याचा दावा झाला. जागतिक विक्रम होईल अशी चर्चा होती, पण यूट्यूबने तो विक्रम जाहीर केला नाही. त्यामागे जाहिरातींचा मोठा वाटा असल्याचं पुढे आलं. सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबने २४ तासांच्या विक्रमांतून आणि म्युझिक चार्टमधून जाहिरातीचे व्ह्यूज वगळायचं ठरवलं.

पुढच्या वर्षी गोष्ट पोलिसांपर्यंत गेली. गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाने इन्स्टाग्रामवर बनावट प्रोफाइल असल्याची तक्रार २०२० मध्ये मुंबई पोलिसांकडे आली आणि त्या तपासातून खोटे फॉलोअर विकणारं रॅकेट समोर आलं. त्याच तपासात ऑगस्टमध्ये बादशाहचीही चौकशी झाली. व्ह्यूजसाठी ७२ लाख रुपये दिल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं, त्याने आरोप नाकारले. एवढ्या मोठ्या नावाला चौकशीला जावं लागलं, पण आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे: जाहिरात आणि बॉट यांतला फरक कागदावर दाखवता आला पाहिजे.

म्हणून यूट्यूबची जाहिरात करायचीच असेल तर गूगल ॲड्सचं खातं स्वतःच्या नावाने उघडा, कार्ड आपलं लावा आणि एजन्सीला फक्त ते चालवायची परवानगी द्या. मग किती रुपये गूगलला गेले आणि किती एजन्सीच्या खिशात, हे दिसतं. शिवाय जाहिरातीतून झालेले पाहण्याचे तास यूट्यूबच्या कमाईसाठी लागणाऱ्या ४,००० तासांत धरले जात नाहीत. "चॅनल मोनेटाइझ करून देतो" म्हणणाऱ्याला हा प्रश्न नक्की विचारा.

फुकट असलेल्या गोष्टींचं बिल

हा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो. स्पॉटिफायवर आपलं कलाकार-प्रोफाइल ताब्यात घ्यायला पैसे लागत नाहीत. गाणं यायच्या किमान सात दिवस आधी तेच गाणं स्पॉटिफायच्या संपादकांना प्लेलिस्टसाठी सुचवणंही फुकट आहे, आपल्याच पॅनलमधून. संपादकांच्या प्लेलिस्टमधली जागा विकली जात नाही. इन्स्टाग्रामची निळी टिक जून २०२३ पासून भारतात महिन्याच्या वर्गणीवर मिळते, मोबाइलवरून सुरुवातीचा दर ६९९ रुपये होता. याच 'व्हेरिफिकेशन'साठी १५ हजारांचं कोटेशन मी डोळ्यांनी पाहिलंय.

"२०० न्यूज पोर्टलवर बातमी" हाही असाच माल. एका तबलावादकाने तीन महिने दरमहा १५ हजार भरले. लिंकांची लांबच लांब एक्सेल शीट आली. उघडून बघितलं तर सगळीकडे एकच मजकूर, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच, आणि खाली बारीक अक्षरात सूचना की या मजकुराशी संपादकीय विभागाचा संबंध नाही. पैसे देऊन टाकलेल्या लिंकांवर 'स्पॉन्सर्ड' अशी खूण हवी, असा गूगलचा नियम आहे आणि शोधात त्यांना वजन मिळू नये हाच त्याचा हेतू. त्या तीन महिन्यांत या वादकाला एकही कार्यक्रम मिळाला नाही. जो मिळाला तो सुदर्शन रंगमंचावर त्याला ऐकलेल्या एका बाईंनी दिला.

चावी कुणाकडे?

स्ट्रीमपेक्षाही महाग पडणारी चूक म्हणजे खातीच एजन्सीच्या नावाने उघडणं. एका बँडचं यूट्यूब चॅनल एजन्सीने स्वतःच्या जीमेलवर काढलं होतं. पैशांवरून वाजलं आणि बँडला स्वतःच्याच चॅनलचा दरवाजा बंद. चॅनल आपल्या ईमेलवर हवं, एजन्सीला 'मॅनेजर' किंवा 'एडिटर' एवढीच परवानगी द्यावी आणि काम संपलं की काढून घ्यावी. पासवर्ड कधीच देऊ नये. डिस्ट्रिब्युटरचं खातंही आपलं हवं, नाहीतर रॉयल्टी एजन्सीच्या बँकेत जाते. प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा कोड जपून ठेवा. डिस्ट्रिब्युटर बदलायची वेळ आली तर तोच कोड आणि तीच ऑडिओ फाइल दिल्यावर जुने स्ट्रीम सहसा टिकतात.

करारात 'सर्व हक्क' असा शब्द दिसला तर थांबा. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच होतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. प्रसिद्धीच्या कामासाठी हक्क द्यायची मुळात गरजच नसते. करारात स्ट्रीमचा आकडा लिहून घेऊ नका. काय काम करणार, कुणाशी बोलणार, दर आठवड्याला काय अहवाल देणार, ते लिहून घ्या. "कृत्रिम स्ट्रीम वापरणार नाही, आढळल्यास दंड व नुकसान एजन्सी भरेल" हे वाक्य जरूर घाला. या वाक्यावर निम्मे जण फोन उचलणं बंद करतात, तेवढेच पैसे वाचले. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. जीएसटी नंबर दिला असेल तर सरकारी पोर्टलवर तपासा, महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो. नंबर नसला म्हणून लगेच भामटा ठरत नाही, कारण सेवा देणाऱ्यांना साधारण २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही.

पैसे अडकलेच तर

सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा दिसत असेल, म्हणजे पैसे घेऊन ब्लॉक केलं वगैरे, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. काम अर्धवट किंवा निकृष्ट असेल तर पोलिस बहुतेक वेळा "हा दिवाणी मामला आहे" म्हणतात. तेव्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. १९१५ वर आधी तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे एजन्सी दिल्लीची असली तरी तुम्ही पुण्यात राहता म्हणून पुण्याच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. समोरचा वकील "ही व्यावसायिक सेवा होती, हे ग्राहकच नाहीत" असं म्हणणार, हे धरून चाला. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून सेवा घेतली असेल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो. तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.

पुरावा म्हणून फक्त स्क्रीनशॉट ठेवू नका. व्हॉट्सॲपचं पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, यूपीआयचे व्यवहार क्रमांक काढा, पॅनलमधले शहरांचे आकडे तारखेसह डाउनलोड करा, कारण गाणं उतरलं की ते नंतर मिळतीलच असं नाही. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागू शकतं. चॅट ज्या फोनमध्ये आहे तो फोन तोपर्यंत फॉरमॅट करू नका आणि एक्स्चेंजमध्येही देऊ नका.