साखर कारखान्यांमधील किमान हवाई अंतराची अट

साखर कारखान्यांमधील किमान हवाई अंतराची अट ही ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मधील तरतूद आहे. तिच्यानुसार अस्तित्वात असलेल्या कारखान्यापासून ठरावीक अंतराच्या आत नवा साखर कारखाना उभारता येत नाही. केंद्रीय आदेशात हे अंतर १५ किलोमीटर आहे. महाराष्ट्रात २०११ मध्ये ते २५ किलोमीटर करण्यात आले. ही अट कारखान्याला ऊसपुरवठ्याची शाश्वती देते आणि त्याच वेळी शेतकऱ्यापुढील खरेदीदारांची संख्या मर्यादित करते. त्यामुळे ती स्पर्धा धोरणाच्या दृष्टीने वादाचा विषय ठरली आहे.

इतिहास

ऑगस्ट १९९८ पर्यंत नवा साखर कारखाना काढण्यासाठी औद्योगिक परवाना आवश्यक होता. परवाना रद्द झाल्यावरही दोन कारखान्यांमध्ये १५ किलोमीटर अंतराची अट कायम राहिली. नोव्हेंबर २००६ मध्ये ऊस (नियंत्रण) आदेशात कलम ६-अ आणि त्यापुढील तरतुदी समाविष्ट होऊन या अटीला वैधानिक रूप मिळाले. केंद्राच्या पूर्वपरवानगीने राज्याला याहून अधिक अंतर ठरवण्याची मुभा आहे. अंतर सरळ रेषेत मोजले जाते व ते भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मोजणीनुसार ठरते. ही बंधने नव्या कारखान्यासाठी आहेत. जुन्या कारखान्याच्या गाळपक्षमतेतील वाढीला अंतराची अट लागू होत नाही.

ही अट ‘झोनबंदी’पासून वेगळी आहे. झोनबंदीत प्रत्येक कारखान्याला क्षेत्र राखून दिलेले असे आणि त्या क्षेत्रातील ऊस अन्यत्र नेण्यास मनाई असे. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेच्या आंदोलनानंतर १९९० च्या दशकात ती उठवण्यात आली. आज शेतकरी कायद्याने कोणत्याही कारखान्याला ऊस घालू शकतो. मात्र सहकारी कारखान्याच्या सभासदावर पोटनियमांनुसार ऊस देण्याचे बंधन असू शकते.

आर्थिक विश्लेषण

विक्रेते अनेक आणि खरेदीदार एकच, अशा बाजारस्थितीला क्रेता-मक्तेदारी म्हणतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये अपूर्ण स्पर्धेवरील ग्रंथात तिची मांडणी केली. उसाच्या बाजारात ही स्थिती सहज उद्भवते. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटते, ऊस वजनाने जड व किमतीने हलका असतो आणि लांबची वाहतूक परवडत नाही. त्यामुळे कायद्याने खरेदीदार निवडण्याचे स्वातंत्र्य असले, तरी व्यवहारात जवळच्या एकदोन कारखान्यांपुरतीच निवड उरते.

अटीचा परिणाम साध्या भूमितीने समजतो. दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर अंतर असेल, तर प्रत्येकाभोवती ७.५ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ इतरांपेक्षा त्यालाच जवळचे राहते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस किलोमीटर भरते. अंतर २५ किलोमीटर केल्यास हेच क्षेत्र सुमारे ४९१ चौरस किलोमीटर होते. म्हणजे अंतर पावणेदोन पटीहून कमी वाढते, पण संरक्षित क्षेत्र जवळजवळ पावणेतीन पट होते.

अटीच्या समर्थनार्थही आर्थिक युक्तिवाद आहे. कारखान्याची गुंतवणूक मोठी असते आणि यंत्रसामग्री दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. ऊस कमी पडल्यास गाळप हंगाम आखूड होतो, प्रतिटन खर्च वाढतो व कर्ज थकते. कारखाना सहकारी असल्यास हा भार अखेर सभासदांवरच येतो. उसाची पळवापळवी टाळण्यासाठी काही अंतर हवे, असे समर्थक मानतात.

रास्त व किफायतशीर दर, अर्थात एफआरपी, ही पद्धत २००९ पासून लागू आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास प्रतिक्विंटल ३४० रुपये हा दर होता. ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत रक्कम देणे बंधनकारक असून विलंबास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. क्रेता-मक्तेदारीत किमान दर शेतकऱ्याला संरक्षण देतो. परंतु तोड केव्हा येईल, वजन कसे होईल आणि एफआरपीपेक्षा अधिक किती मिळेल, या गोष्टी त्याने ठरत नाहीत. महाराष्ट्रात तोडणी व वाहतुकीचा खर्च ऊसबिलातून वजा होतो. तोड लांबली की वजन घटते आणि शेत पुढील पिकासाठी मोकळे होत नाही. या बाबींत शेतकऱ्याचे खरे बळ म्हणजे दुसऱ्या कारखान्याकडे जाण्याची शक्यता, आणि अंतराची अट नेमकी तीच कमी करते.

कर्जत तालुक्यातील परिस्थिती

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत हा अवर्षणप्रवण तालुका आहे. येथील ऊस मुख्यतः भीमा नदीचा काठ, उजनी जलाशयाचा फुगवटा आणि कुकडी कालव्याचे लाभक्षेत्र येथे एकवटलेला आहे. राशीन परिसरात अंबालिका शुगर हा खासगी कारखाना आहे. श्रीगोंदा तालुक्यात नागवडे व कुकडी, करमाळा तालुक्यात आदिनाथ व मकाई हे सहकारी कारखाने उभारले गेले, तर भीमेपलीकडे दौंड व इंदापूर तालुक्यांतही कारखाने आहेत. नकाशावर सरळ रेषेत जवळ दिसणारा पलीकडचा कारखाना पुलाच्या वळशामुळे रस्त्याने लांब पडू शकतो. कायदा हवाई अंतर मोजतो. वाहतूक खर्च मात्र रस्त्याच्या अंतरावर ठरतो.

पावसानुसार सौद्याचे पारडेही फिरते. दुष्काळानंतर महाराष्ट्राचे साखर उत्पादन २०१८-१९ मधील सुमारे १०७ लाख टनांवरून २०१९-२० मध्ये सुमारे ६२ लाख टनांवर आले. अशा वर्षी कारखाने ऊस शोधत फिरतात. २०२१-२२ मध्ये उत्पादन सुमारे १३७ लाख टनांवर गेले, गाळप जूनपर्यंत लांबले आणि शिल्लक उसाच्या वाहतुकीसाठी व उताऱ्यातील घटीसाठी राज्य शासनाला अनुदान जाहीर करावे लागले.

स्पर्धा कायद्यातील स्थान

स्पर्धा अधिनियम, २००२ ने १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा अधिनियमाची जागा घेतली. त्यातील कलम ३ व ४ मे २००९ मध्ये अंमलात आली. कलम ४ नुसार खरेदीत अन्याय्य अटी किंवा दर लादणे हाही वर्चस्वाचा दुरुपयोग ठरू शकतो. संबंधित भौगोलिक बाजारपेठ ठरवताना वाहतूक खर्च व नियामक अडथळे विचारात घेतले जातात. मात्र केवळ वर्चस्व असणे हा गुन्हा नाही. दुरुपयोग सिद्ध व्हावा लागतो. अंतराची अट ही शासनाने घातलेली असल्याने ती एखाद्या कारखान्याचे वर्तन ठरत नाही. अशा धोरणांबाबत शासन कलम ४९ खाली भारतीय स्पर्धा आयोगाचे मत मागवू शकते; ते मत बंधनकारक नसते.

शिफारशी व मतमतांतरे

सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑक्टोबर २०१२ च्या अहवालात ऊसक्षेत्र आरक्षण व किमान अंतराची अट टप्प्याटप्प्याने काढण्याची शिफारस केली. साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा उसासाठी देण्याचे सूत्रही तिने सुचवले. महाराष्ट्राने २०१३ च्या ऊसदर विनियमन कायद्यात महसूल विभागणीचे तत्त्व स्वीकारले. अंतराची अट मात्र राहिली. शेतकरी संघटनेच्या रघुनाथदादा पाटील यांच्यासह अनेक शेतकरी नेत्यांनी ती रद्द करण्याची मागणी केली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने परराज्यात ऊस नेण्यास घातलेली बंदी शेतकरी संघटनांच्या विरोधानंतर काही दिवसांतच मागे घेतली. निर्बंध अंतराचा असो वा सीमेचा, टंचाईत वाढीव दराचा लाभ कोणाला मिळावा हाच या वादांतील समान प्रश्न आहे.