टाचदुखी : प्लांटर फॅसायटिसवरील फिजिओथेरपी

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत सणकन कळ येते. थोडे चालल्यावर ती ओसरते आणि बराच वेळ उभे राहिले की पुन्हा उसळते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत पसरलेल्या प्लांटर फॅसिया या चिवट पट्ट्याचा हा विकार बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान दिसतो. वाढलेले वजन, आखडलेली पोटरी आणि तासन्‌तास उभ्याने काम यांनी त्याचा धोका वाढतो.

मूळ दोष दाहाचा की झिजेचा, यावर मतभेद आहेत. २००३ मध्ये हार्वी लेमाँट व सहकाऱ्यांनी ५० रुग्णांच्या शस्त्रक्रियेतील नमुने तपासले, तेव्हा त्यांना दाह नव्हे, झीज आढळली. एक्स-रेत दिसणारे ‘वाढलेले हाड’ रुग्णाला धास्ती घालते. ते टाच न दुखणाऱ्यांतही सापडते.

उपचारांचा पाया जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये घातला. पायाची बोटे वर वळली की रहाटावरच्या दोरासारखा हा पट्टा ताणला जातो आणि पायाची कमान उचलली जाते, हे त्यांनी दाखवले. याच तत्त्वावर अमेरिकेतील बेनेडिक्ट डिजिओव्हानी यांच्या गटाचा व्यायाम (२००३) उभा आहे. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, बोटे हाताने नडगीकडे ओढायची आणि दुसऱ्या हाताने तळवा चाचपून पट्टा ताठ झाल्याची खात्री करायची. दहा अंक मोजेपर्यंत धरायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिली खेप जमिनीवर पाय टेकण्याआधीच व्हायला हवी. ही अट पाळणे फार महत्त्वाचे. आठ आठवड्यांनी हा व्यायाम करणारे रुग्ण केवळ पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा सरस ठरले.

डेन्मार्कच्या मायकेल राथलेफ यांनी ४८ रुग्णांवरील चाचणीत (२०१४) पट्ट्यावर भार टाकून पाहिला. पायरीच्या कडेवर बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबणे, तीन सेकंदांत खाली, हे दिवसाआड. जमू लागले की पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तके भरून वजन वाढवायचे. तीन महिन्यांनी हा गट ताण देणाऱ्यांच्या पुढे होता, वर्षअखेरीस दोन्ही सारखेच. तरी लवकर मिळालेला आराम उभ्याने नोकरी करणाऱ्याला मोलाचा असतो.

टेपिंग व बुटातील सोल यांनी काही काळ उतार पडतो. घरात फरशीवर अनवाणी वावरणाऱ्यांना मऊ चपला सुचवतात.

यंत्रोपचारांत अल्ट्रासाउंड १९९६ च्या ब्रिटिश चाचणीत नकली उपचाराहून सरस ठरला नाही. शॉकवेव्ह हट्टी दुखण्यासाठी वापरतात.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनाचा गुण अल्पकाळ टिकतो, शिवाय पट्टा फाटण्याचा धोका असतो.

टाचेत बधिरता असेल, रात्रीही ठणका लागत असेल किंवा तरुण वयात दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबर आखडत असेल, तर व्यायामाआधी निदान पुन्हा तपासतात.

शस्त्रक्रिया : क्वचित.